अनारशाची जाळी

सारांश कसा करावा, हे मी गेली अठरा वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. मूळ उताऱ्याचा एक-तृतीयांश भाग ठेवावा, पाल्हाळ गाळावे, दृष्टान्त गाळावेत, पुनरुक्ती तर गाळावीच गाळावी! वर्गात हा मंत्र ठीक चालतो. पण गतवर्षी तो मी घरी प्रत्यक्ष आईवरच चालवून पाहिला आणि चांगलाच फसलो. त्याची ही हकीकत.

२००३ सालच्या दिवाळीत आमच्या मामांनी दुबईहून एक व्हिडिओ कॅमेरा आणला. तळहातावर मावेल एवढा. आत काडेपेटीहून थोडी मोठी अशी ‘मिनी डीव्ही’ कॅसेट. एका कॅसेटवर एक तासाचे चित्रण. मी हौसेने सात कॅसेटी भरल्या. त्यांतील एकीवर आई अनारसे तळते आहे. २०१५ साली आई गेली. तिचा आवाज असलेली तेवढीच वस्तू घरात उरली, आणि तीही बिस्किटांच्या डब्यात सुया-दोऱ्यांच्या शेजारी पडून राहिली.

गतवर्षी गणपती आटोपले आणि कन्येने जाहीर केले, “बाबा, यंदा अनारसे मी करणार. आजीच्या हातचे असायचे, तस्से!” सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी डब्याकडे पाहिले.

कॅमेऱ्याच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. पण विजेच्या जोडणीवर तो चालू झाला. पुढचा अडसर केबलचा. या कॅसेटीवरचे चित्र संगणकात उतरवायचे ते ‘फायरवायर’ जोडणीने, आणि हल्लीच्या संगणकांना ते भोकच नसते. अखेर आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकांनी अडगळीतला एक जुना संगणक काढून दिला. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, म्हणजे घट्ट बसलेली फीत सैल होते, हेही त्यांनीच सांगितले. या कामात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. सात संध्याकाळी मी त्या यंत्रापाशी बसलो. सातवी कॅसेट उतरली आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्याने कायमचा राम म्हटला!

आता ओझ्याचा प्रश्न. एका तासाचे सुमारे १३ गिगाबाइट. सात तासांचे ९१. हे फोनवर मावणार कसे? तेव्हा दाबून लहान करणे आले. त्यातली युक्ती मोठी मजेदार आहे. आपल्याकडच्या पद्धतीत एका सेकंदाला २५ चित्रे. कॅसेटवर त्यांतील प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे नोंदलेले असते. एच-२६४ या पद्धतीत मात्र मधूनमधून एखादेच चित्र पूर्ण लिहितात आणि पुढच्या चित्रांत फक्त जे बदलले तेवढेच टिपतात. वाणी नाही का यादीत एकदा तारीख लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा ओढीत जात, तसेच! मागची भिंत हलत नाही, डब्यांची फळी हलत नाही. दोन रेघांत काम भागते.

मी हात फारच आखडता घेतला. तासाचे ३०० मेगाबाइट कर, असा संगणकाला हुकूम सोडला. शिवाय सारांशकाराच्या बाण्याने आरंभीची दहा मिनिटे कापून टाकली. त्यात आईचा पहिला अनारसा तुपात हसला होता. बिघडलेला अनारसा ठेवायचा कशाला? मग मूळ फाइली संगणकाच्या कचरापेटीत टाकल्या आणि हात झटकले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कन्येने पीठ मळून ते चित्रण लावले. आई ओळखू येत होती. पण खसखस दिसेना! अनारशावर नुसता करडा डाग. तो तुपात पडताच सगळे चौकोनच चौकोन. कढत्या तुपात प्रत्येक बुडबुडा हलतो. तिथे ‘वरीलप्रमाणे’ म्हणायची सोय नाही, आणि सगळे बदल लिहायला मी जागाच ठेवली नव्हती. अनारसा पारखायचा जाळीवरून, आणि नेमकी जाळीच गेली होती. आईचा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसत. हा कॅमेरा चित्राच्या विषम आणि सम ओळी निरनिराळ्या क्षणी टिपतो. दाबण्यापूर्वी त्या सांधून घ्यायच्या असतात. तेही मी केले नव्हते.

कन्येचा पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. दुसराही हसला. तिने रडवेल्या आवाजात विचारले, “बाबा, अशा वेळी आजी काय करायची?”

माझ्या पोटात गोळा आला. आजीने ते सांगितले होते, मी कापलेल्या दहा मिनिटांत!

कचरापेटी रिकामी न करण्याचा माझा जुना आळस त्या दिवशी कामी आला. फाइली तशाच होत्या. या खेपेस ‘हँडब्रेक’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला. ओळी सांधण्याची खूण केली आणि आकाराऐवजी दर्जा ठरवून दिला. आकडा दिला १८. हा आकडा जितका लहान, तितका तपशील अधिक. तेरा गिगाबाइटचे सुमारे दोन झाले. एक-तृतीयांशाहूनही कमी, पण खसखस दिसली, जाळी दिसली, आणि आई बोलू लागली :

“हसला मेला! गूळ जास्त झाला. घाबरायचं नाही, थोडी तांदळाची पिठी मळून घ्यायची.”

आणि ती स्वतःच खळखळून हसली. कन्येने पिठी मळली. तिसरा अनारसा जाळीदार उतरला. सौभाग्यवती डोळे पुसत म्हणाल्या, “तुपाचा धूर झालाय.” धूर कुठेच नव्हता.

आता मूळ फाइली दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर आहेत : एक आमच्याकडे, दुसरी बहिणीकडे. फोनवर लहान प्रत फिरते, खुशाल फिरो. वर्गात मात्र सारांशलेखन शिकविताना मी हल्ली एक वाक्य अधिक सांगतो : सारांश झाला म्हणून मूळ उतारा फाडून टाकू नये.