विमान बुक आहे, म्हणून काय झालं?

"अगं, विमान बुक केलंस म्हणजे तिकीट काढलंस ना?" साताऱ्याहून वन्संनी फोनवर विचारलं. म्हटलं, "तिकीट नाही हो वन्सं, अख्खं विमान!" पलीकडे एकदम शांतता.

तर मैत्रिणींनो, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. धाकटा कॉलेजला गेला, घर सुनं झालं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी छोटं विमान चालवायला शिकले. (यात मोठेपणा काही नाही हं. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला, पदरी चार वर्षांची मुलगी असताना, साडी नेसून एकटीनं विमान उडवलं होतं.) स्वतःचं विमान घेणं आम्हाला कुठलं परवडायला! म्हणून फ्लाइंग क्लब. चाळीस सभासद, तीन विमानं. चाळीतला नळच म्हणा ना! फक्त इथे बादल्यांची रांग नसते, फोनवर वेळापत्रक असतं. प्रत्येक विमानाची एक ओळ, त्यात तासांचे चौकोन. रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं की आपलं नाव उमटतं. दुरुस्तीला गेलेल्या विमानाची ओळ लाल.

दिसायला सोपं, पण खाचाखोचा आहेत. तासभर उडायचं तर तीन तास धरावे लागतात. आधी ऑइल बघा, पेट्रोलचा नमुना काढून त्यात पाणी नाही ना ते बघा, परत आल्यावर विमान दोरांनी बांधा. पैसे मात्र इंजिन चाललं तेवढ्याच वेळाचे. त्यामुळे काही महाभाग अख्खा रविवार अडवून ठेवतात आणि सकाळी उठून रद्द करतात. मला याचा भारी राग येतो. आदल्या रात्री रद्द केलं असतं तर दुसऱ्या कुणाची सोय झाली नसती का? आणखी एक गंमत म्हणजे वेळापत्रक आमच्या घड्याळाप्रमाणे, पण हवामानाचे अंदाज ग्रीनिचच्या. उन्हाळ्यात सात तासांचा फरक! शिकत असताना '२२००' वाचून मी रात्रीचे दहा समजले होते. ते होते दुपारचे तीन.

पण खरी परीक्षा वेगळीच. गेल्या ऑगस्टात आम्ही दोघं समुद्रकाठच्या माँटेरेला जेवायला गेलो. विमान पाचपर्यंत माझ्या नावावर, साडेपाचपासून दुसऱ्या सभासदाच्या. त्यानं शेरा लिहिला होता, 'आईला पहिल्यांदा नेतोय.' साडेतीनला विमानतळावर आलो तर समुद्राकडून ढगांचा जाड पडदा सरकत येत होता. ढगात शिरायला वेगळं प्रशिक्षण, वेगळा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही. हे म्हणाले, "अजून ऊन आहे गं, पटकन निघू." मी विमानात बसलेसुद्धा. डोळ्यांपुढे सारखी ती आई, नवा स्वेटर घालून तयार बसलेली. किल्ली फिरवणार, तोच धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं.

मी उतरले. हात थरथरत होते. त्या माणसाला फोन केला, दहादा माफी मागितली. तो म्हणाला, "आई म्हणतेय, त्या मुलीला सांग, घाई करू नकोस." पन्नाशीला टेकलेल्या मला 'मुलगी'! हे तोंड फिरवून हसले.

फोनवरच आमचा चौकोन दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवला. सकाळी बघतो तर ढग तसेच, अकरापर्यंत हललेच नाहीत, पुन्हा वाढवला. मोटेलचं भाडं बसलं ते बसलंच. त्या माउलीला पुढच्या रविवारी विमानात बसवलं म्हणे.

आता जाताना माझ्या पिशवीत दोन टूथब्रश, ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी असते. आणि रविवारी संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं नाव असेल, तर मी माँटेरेला दुपारचं जेवायला जात नाही, सकाळच्या कॉफीला जाते.