यंत्रावर काय सोपवावे?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची आजची चिंता नवी नाही. अमेरिकेतील 'एमआयटी'चे संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' ही संवाद साधणारी आज्ञावली जगासमोर मांडली. तिची रीत साधी होती. टंकलिखित वाक्यातला कळीचा शब्द हेरायचा आणि ठरीव साच्यातून उत्तर द्यायचे. 'आई'चा उल्लेख आला, की 'तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा', असे ती म्हणे. अर्थ तिला काडीमात्र कळत नव्हता. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. काही मानसोपचारतज्ज्ञांना तर तिच्यात भावी उपचारक दिसला.

या अनुभवाने वायझेनबाऊम अस्वस्थ झाले. संगणकाला जमेल ते सारे त्याच्यावर सोपवावे काय, हा प्रश्न त्यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात उपस्थित केला. आकडेमोडीने निष्कर्ष निघतो. निवड करण्यास मात्र विवेक लागतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

आजच्या आज्ञावली प्रचंड मजकुरातून भाषा शिकतात आणि 'एलायझा'हून कितीतरी समर्थ आहेत. मात्र कर्ज, नोकरी वा शिक्षेचा निर्णय चुकला, तर यंत्राला जाब विचारता येत नाही. तो कोणी द्यायचा, हे आधी ठरवणे हीच प्रगतीची खरी कसोटी होय.