मोंगो ते कुंभकोणम

अॅलेक्स रेमंडने फ्लॅश गॉर्डनला जन्म दिला 7 जानेवारी 1934 रोजी, अमेरिकेतल्या रविवारच्या पुरवणीत. मोंगो ग्रहावर जाऊन मिंग सम्राटाशी झुंजणारा हा अंतराळवीर आपल्याकडच्या मुलांना प्रामुख्याने भेटला तो इंद्रजालमध्ये. टाइम्स समूहाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा त्यात फक्त वेताळ होता. मँड्रेक, फ्लॅश नंतर आले. इंग्रजीमागोमाग मराठी, हिंदी, तमिळ आवृत्त्याही निघाल्या. तंजावरच्या जुन्या मराठी घरांत बोली मराठी आणि शाळा तमिळ. त्यामुळे पुण्यातली मुलं देवनागरीत वाचत तो वेताळ इथे तमिळ अक्षरांत वाचला जाई आणि जेवताना मराठीत सांगितला जाई.

पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांनी ज्याला आपलं मानलं तो नायक आला शिवकाशीहून. महाराष्ट्राला शिवकाशी फटाक्यांसाठी आणि कॅलेंडरांसाठी ठाऊक. तिथल्याच छपाईच्या धंद्यातून सौंदरपांडियन यांनी 1972 मध्ये मुत्तु कॉमिक्स काढलं आणि पहिल्याच अंकात ‘इरुम्बुक्कै मायावी’, म्हणजे लोखंडी हाताचा मायावी, तमिळ बोलू लागला. मूळचा हा ब्रिटनच्या ‘व्हॅलियंट’मधला लुई क्रँडेल. प्रयोगशाळेतल्या अपघातात उजवा हात गेला, त्या जागी पोलादी पंजा बसला. विजेचा झटका बसला की सगळं शरीर अदृश्य होतं, हवेत तरंगतो तो फक्त पंजा. मोटारपंपांसाठी गावोगाव विजेच्या तारा ओढल्या जात होत्या तो हा काळ. तारेला हात लावू नको, असं ज्या पोराला घरी दहादा बजावलं जाई, त्याच्या हाती तारेला मुद्दाम हात लावणारा नायक पडला. मंगळावरून आलेल्या कुणापेक्षाही तो त्याला जास्त अद्भुत वाटला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

संग्राहकांची गंमत इथे सुरू होते. अमेरिकेत सिल्व्हर सर्फरचा मोलाचा अंक म्हणजे ‘फँटॅस्टिक फोर’चा 48 वा, मार्च 1966 चा, कारण त्यात तो प्रथम दिसला. असे अंक तिथे तपासून, दहापैकी गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केले जातात. मायावी प्रथम दिसला तो 1962 च्या ‘व्हॅलियंट’मध्ये. तरीही कुंभकोणम किंवा मन्नारगुडीचा संग्राहक जीव टाकतो तो मुत्तुच्या पहिल्या अंकावर. मला हाच न्याय बरोबर वाटतो. नायक कागदावर कुठे उमटला यापेक्षा आपल्याशी कधी बोलू लागला, हे वाचकाच्या आयुष्यात मोठं.

तो जुना अंक हातात घेतला की कळतं, पेटीबंद प्रत इथे का सापडत नाही. कागद वर्तमानपत्री, कडेने चहाच्या रंगाचा झालेला. मधल्या दोन पिना गंजून त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळं पडलेली. पान उलटताना तिथेच चिरतं. आतल्या बाजूला शाईत आधीच्या मालकाचं नाव, त्याखाली दुसऱ्या अक्षरात दुसऱ्याचं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, चहूकडे भाताची खाचरं, घरात सतत ओल. कसर आणि वाळवी यांना याहून चांगला मुलूख नाही. जे यातून वाचलं त्यातलं बरंचसं रद्दीत गेलं. 16 नोव्हेंबर 2018 च्या गाजा वादळाने पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरं उडवली. त्या छपरांखालच्या कागदांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

तमिळ कॉमिक्ससाठी 1984 हे भरभराटीचं वर्ष. सौंदरपांडियन यांचे चिरंजीव विजयन यांनी लायन कॉमिक्स काढलं, आणि त्याच वर्षी राणी कॉमिक्सही आलं. लायनने स्पायडरला आणलं. मार्व्हलचा स्पायडरमॅन वेगळा. हा ब्रिटिश कॉमिक्समधला टोकदार कानांचा गुन्हेगार, पुढे गुन्हेगारांचाच काळ झालेला. त्याच्या पुष्कळ गोष्टी सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक, जेरी सिगेल, यांनी लिहिल्या. सुपरमॅनच्या जनकाने लिहिलेला हा नायक तमिळ गावांत मोठा झाला, ही गोष्ट जागतिक कॉमिक्सच्या इतिहासात ठळक नोंदवायला हवी.

मग घराघरांत टीव्ही आला. इंद्रजाल 1990 मध्ये थांबलं, राणीने 500 अंक काढून 2005 मध्ये निरोप घेतला. मुत्तु-लायन मात्र 2012 मध्ये नव्या दमाने उभे राहिले. चकचकीत कागदावर मायावी पुन्हा छापला गेला. ज्यांना गोष्ट हवी होती त्यांची सोय झाली. पण शाईतली ती दोन नावं, जुन्या जाहिराती, वाचकांची पत्रं नव्या छपाईत येत नाहीत.

ते सगळं टिकवायचं तर कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्यांकडे पाहावं. त्यांनी आयुष्यभर घरात जमवलेल्या तमिळ छापील ऐवजावर 1994 मध्ये चेन्नईत संशोधन ग्रंथालय उभं राहिलं. तंजावरात तर सरफोजी राजांचं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. मराठी आणि तमिळ इंद्रजालचे एकाच गोष्टीचे अंक तिथे शेजारी शेजारी ठेवायला एक कपाट पुरेल, आणि अजून काही घरांत ते अंक आहेत.