सुनावणीपूर्वीची सिद्धता
कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासळी वाहणाऱ्या टेंपोवर कित्येकदा एका कुटुंबाची चूल पेटते. अशा वाहनधारकाच्या हाती परिवहन प्राधिकरणाची ‘कारणे दाखवा’ नोटीस पडली, की दलालाचे दार गाठण्याचा मोह होतो. आमच्या मते ही वाट घाताची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ८६ वे कलम स्पष्ट सांगते, की खुलाशाची संधी दिल्यावाचून परवाना रद्द करता येत नाही. कारवाईची कारणेही लेखी द्यावी लागतात. त्या संधीचे सोने करणे मात्र धारकाच्याच हाती आहे. योग्यता प्रमाणपत्र, विमा, कराच्या पावत्या आणि प्रत्येक आक्षेपाचे तारीखवार लेखी उत्तर घेऊनच त्याने उभे राहावे. निर्णय विरुद्ध गेल्यास ८९ व्या कलमान्वये अपील आहेच. न्याय मागणाऱ्याचे कागद चोख हवेत, तसेच देणाऱ्याचे कानही उघडे हवेत.