ताणाच्या क्षणी पदलालित्य

टेनिसमधील पायांच्या हालचालीस मराठी क्रीडावृत्तांत ‘पदलालित्य’ म्हटले जाते. या शब्दाने सौंदर्य सूचित होते. वस्तुतः तिचे मर्म वेळ साधण्यात आहे. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूस भिडण्याच्या सुमारास खेळाडू लहानशी उडी घेतो आणि पाय टेकताच चेंडूच्या दिशेने झेपावतो. सामना अटीतटीस आला, की लक्ष गुणफलकाकडे वळते. गुडघे ताठरतात, उडीस उशीर होतो आणि छोट्या पावलांऐवजी एकच लांब ढांग पडते. दोष फटक्यात दिसतो. त्याचा उगम पायांत असतो.

२०१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, ४०-१५ असा पुढे होता. विजयाची पहिली संधी हुकल्यावर दुसऱ्या संधीस तो जाळ्याकडे धावला. जोकोविचने तिरकस फटक्याने चेंडू त्याच्या पलीकडे काढला आणि ४ तास ५७ मिनिटांनी सामनाही जिंकला. असा फटका वेळेवर जागी पोहोचलेल्या पायांवाचून साधत नाही.

म्हणून ‘शांत राहा’ हा उपदेश अपुरा ठरतो. उडीचा क्षण गुणसंख्येशी नव्हे, तर समोरच्या रॅकेटशी जोडण्याची सवय दमलेल्या पायांनी, गुण मोजीत केलेल्या सरावातच जडते.