खाकी कागदावर कोळशाने माणूस

एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्रासाठी माणसे काढावीच लागतात. हिमायतनगर परिसरातील मुलांची रेषा चांगली असते. छाया देताना ती अडतात. पांढऱ्या कागदावर सावळा चेहरा काढायचा म्हणून सगळाच काळा करतात, नाहीतर घाबरून गोरा ठेवतात. आपल्या आजोबांना गोरे करण्याचे काहीच कारण नाही, असे आम्हांला वाटते.

उपाय घरातच आहे. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्यावा, त्याची खरखरीत बाजू वर ठेवावी. हा रंग म्हणजे आपल्या अंगाची मधली छटा. ती आयती मिळाली की कोळशाने सावली आणि खडूने उजेड, एवढेच काम उरते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहा. कांती तपकिरी, कडांना गडद छटा आणि नाकावर उजळ रेघ. जुन्या चित्रशास्त्रात याला 'वर्तना' म्हणतात. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली याच चित्रांच्या नकला करीत होते.

विकतचा चारकोल नसेल तर तुराटीचे पेनाएवढे जाड तुकडे सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरावेत. झाकणाला बारीक छिद्र पाडून डबा अंगणात निखाऱ्यांत ठेवावा. छिद्रातून धूर थांबला की बाहेर काढावा, पण पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. आतला कोळसा पेट घेतो.

आजोबांना दारापाशी बसवावे, उजेड एकाच बाजूने यावा. (उभा माणूस सुमारे साडेसात डोकी उंच धरतात, बसलेल्याला हे माप लावू नये.) आता डोळे किलकिले करून पाहा. बारकावे जातात, उजेड आणि सावली हे दोनच भाग उरतात. त्यांची सीमा हलकेच आखून सावलीचा भाग कोळसा आडवा धरून भरावा व फडक्याने पुसून एकसारखा करावा. गालावर सावली हळूहळू विरते, नाकाखाली पडलेली मात्र धारदार असते. जास्त झालेला कोळसा पावाच्या मऊ गराने टिपून घ्यावा.

खडू अगदी शेवटी, कपाळ व नाकाचा शेंडा एवढ्यापुरताच. कोळशावर फिरवला तर तो राखाडी होतो. पांढरा सदराही खडूने भरू नये, चेहरा मागे पडतो.

खाकी कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. म्हणून साधलेले चित्र चांगल्या रंगीत कागदावर पुन्हा काढावे, आजोबा समोर बसायला तयार आहेत तोवरच.