मुलाच्या हाताला पेलेल अशी बॅट

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव वसलेले आहे. तेथील तलाव आणि अभयारण्याचे प्रवेशद्वार यांमुळे गावाचे नाव पर्यटकांच्या परिचयाचे झाले आहे. धानाची कापणी आटोपली की या पट्ट्यातील रिकाम्या बांध्यांतून मुलांचे खेळ रंगतात. विटीदांडू आणि क्रिकेट हे त्यांतील नेहमीचे. सॉफ्टबॉल व बेसबॉल या खेळांशी खेड्यातील मुलाची गाठ पडते ती बहुधा माध्यमिक शाळेत गेल्यावर. कारण राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांत या दोन्ही खेळांचा समावेश आहे. मग शाळेसाठी, क्वचित घरासाठीही, बॅट विकत घेण्याचा प्रश्न उभा राहतो आणि नेमकी तेथेच चूक होते.

मुलांचे कपडे घेताना ते वाढत्या अंगाचे घ्यावेत, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. काटकसरीच्या दृष्टीने ती योग्यही आहे. परंतु सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, बॅटचे वजन कमी करता येत नाही. न पेलणारी बॅट हाती आलेले मूल चेंडू ओळखण्यापूर्वीच ती फिरवू लागते, कारण उशीर झाला तर ती वेळेवर पोहोचणार नाही हे त्याला अनुभवाने कळलेले असते. खांदा झुकतो, चेंडू हुकतो आणि चारआठ दिवसांनी ‘याला जमत नाही’ असा शिक्का बसतो. बारीक चणीच्या मुलामुलींच्या वाट्याला हे विशेषेकरून येते. शाळेत एकच बॅट असली आणि ती सर्वांत थोराड विद्यार्थ्याच्या मापाने घेतलेली असली, म्हणजे उरलेल्या वर्गाचा खेळ तेथेच संपतो.

जड बॅटने चेंडू दूर जातो हा समज अगदीच खोटा नाही. मात्र ती बॅट तितक्याच वेगाने फिरली तरच. लहान वयात वजन वाढले की वेग झपाट्याने घटतो. अमेरिकेतील विख्यात खेळाडू बेब रूथ १९२० च्या दशकात ४० औंसांहून, म्हणजे सुमारे १,१३० ग्रॅमहून अधिक वजनाची बॅट वापरीत असे. आजचे तेथील व्यावसायिक खेळाडू मात्र साधारणपणे ९०० ग्रॅमच्या आसपासची बॅट पसंत करतात. धिप्पाड प्रौढांनी जे वजन उतरविले, ते बारा वर्षांच्या मुलावर लादण्यात काय हशील?

बॅटची लांबी इंचांत आणि वजन औंसांत सांगण्याची प्रथा आहे. या दोन आकड्यांतील फरक बऱ्याच बॅटवर ‘उणे १०’, ‘उणे ३’ असा छापलेला असतो. २९ इंची, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर लांबीची बॅट ‘उणे १०’ असेल तर तिचे वजन १९ औंस, अर्थात सुमारे ५४० ग्रॅम भरते. तीच ‘उणे ३’ असेल तर २६ औंस, म्हणजे जवळजवळ ७४० ग्रॅम. दिसायला दोन्ही सारख्याच! लहान मुलांसाठी उणे आकडा मोठा असलेली बॅट घ्यावी. लांबीचा ठोकताळा असा : सातआठ वर्षांच्या मुलास २६ ते २८ इंच, नऊदहा वर्षांच्या मुलास २८ ते २९ इंच, तेराचौदा वर्षांच्या मुलास ३१ ते ३२ इंच. वयापेक्षा उंची व अंगकाठी यांकडे अधिक लक्ष द्यावे. दोन मापांत संशय असल्यास आखूड बॅट पत्करावी.

वजनाइतकाच तोलही महत्त्वाचा. कुऱ्हाडीचा दांडा टोकाला धरला तर ती जड वाटते, पात्याजवळ धरली तर हलकी, हे जंगलाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. बॅटचेही तसेच आहे. म्हणूनच शाळेतील बॅट थोडी जड असेल तर मुलाने मुठीच्या टोकापासून एकदोन इंच वर धरावी. या उपायाला पैसा लागत नाही.

लाकडाविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. या भागात अवजारांच्या दांड्यांसाठी धावड्याचे लाकूड नावाजलेले आहे. ते चिवट खरे; परंतु परदेशात बॅटसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲश लाकडाहून बरेच जड असल्याने मुलांच्या बॅटला उपयोगी नाही. शिवाय अभयारण्यातून लाकूड तोडून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शाळेसाठी ॲल्युमिनियमची बॅट सोयीची. ती सहसा मोडत नाही आणि पावसाळी दमटपणाने बिघडत नाही. तिला खोल पोचा पडला वा चीर गेली तर मात्र ती बाजूला काढावी. सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलसाठी वापरू नये. तिचा व्यास जास्तीत जास्त ५.७ सेंटिमीटर असतो व ती निराळ्या चेंडूसाठी घडविलेली असते. स्पर्धेसाठी घ्यावयाची असल्यास त्या वयोगटाचा नियम क्रीडाशिक्षकांकडून आधी समजून घ्यावा.

खरेदीच्या वेळी मूल बरोबर असावे. त्याने बॅट एका हाताने मुठीशी धरून खांद्याच्या रेषेत बाजूला आडवी करावी आणि वीस सेकंद तशीच ठेवावी. हात थरथरला किंवा टोक खाली झुकू लागले तर ती बॅट परत करून हलकी मागावी. त्यानंतर मोकळ्या जागी, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, दोन्ही हातांनी दहाबारा वेळा फिरवून पाहावी. शेवटच्या दोन फेऱ्या पहिल्या दोन फेऱ्यांसारख्या झाल्या, तर पैसे द्यावयास हरकत नाही.